मोबाईलवर मावेल अशी शेतीची चित्रफीत

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी खताच्या मात्रेबद्दल किंवा नवीन वाणाबद्दल बोलणार नाही. तुमच्या खिशातल्या मोबाईलबद्दल आणि त्यावर पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितीबद्दल बोलणार आहे. शेतीच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. तेव्हा हा विषय मला का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली आहे. लातूर जिल्ह्यातील एका गावी सोयाबीनची उगवणक्षमता तपासणी आणि बीजप्रक्रिया यांचे प्रात्यक्षिक होते. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावावे, ते सुकू द्यावे आणि पेरणीच्या अगदी आधी जिवाणू संवर्धक लावून बियाणे सावलीत वाळवावे, हा क्रम मी सविस्तर दाखवला. सगळा कार्यक्रम माझ्या नवीन मोबाईलवर टिपला. चित्रफीत बावीस मिनिटांची झाली. पेरणीच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून गावकऱ्यांनी ती मागितली. मी मोठ्या हौसेने एकेकाच्या मेमरी कार्डावर भरून दिली आणि निघालो.

पाऊस पडला, पेरण्या झाल्या. पुढे चाळीस दिवसांनी त्या गावी गेलो. काही शेतांत झाडे उपटून पाहिली, तर मुळांवरच्या गाठी मोजक्याच दिसल्या. चौकशी करता कळले, की तीन-चार जणांनी बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक एकाच बादलीत कालवून बियाण्याला चोळले होते. जिवाणू संवर्धक म्हणजे जिवंत जिवाणू. ते बुरशीनाशकाच्या द्रावणात कसे तग धरणार? मी म्हणालो, "अहो, चित्रफितीत सगळे सांगितले होते ना?" त्यावर एक भगिनी म्हणाली, "साहेब, तुमची फिलिम लागलीच नाही. नुसता आवाज यायचा, चित्र जागचे हलायचे नाही." निम्म्याहून अधिक लोकांच्या मोबाईलवर हाच प्रकार झाला होता.

यात चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी चित्रफीत माझ्या मोबाईलच्या मापाची दिली होती, त्यांच्या मोबाईलच्या मापाची दिली नव्हती. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आजचे हे चार शब्द.

चित्रफीत एवढी मोठी का होते?

मोबाईलवरचे चित्र हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. ठिपके जितके जास्त, तितकी रांगोळी बारीक नक्षीची. कॅमेऱ्यात १०८०पी असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. अशी सर्वसाधारणपणे ३० चित्रे एका सेकंदात टिपली जातात. हे सगळे ठिपके जसेच्या तसे साठवायचे ठरवले, तर एका मिनिटाला ११ जीबीहून जास्त जागा लागेल. म्हणून टिपतानाच मोबाईल चित्रफीत आवळून ठेवतो.

हे आवळणे कसे होते, तेही समजून घ्यावे. पीक पाहणीच्या नोंदवहीत पुढच्या ओळीतही तेच पीक असेल, तर आपण "वरीलप्रमाणे" असे लिहितो. मोबाईलही तसेच करतो. एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच नोंदवतो. फळा आणि बोलणारा माणूस एवढेच दृश्य असेल, तर बदल थोडा आणि नोंदही थोडी. पण मागे वाऱ्याने हलणारे ज्वारीचे शेत असेल आणि धरणाऱ्याचा हातही कापत असेल, तर प्रत्येक पान नव्याने लिहावे लागते. मग फाईल तरी फुगते, नाहीतर चित्र तरी फिसकटते. चित्रफीत लहान करण्याचे निम्मे काम टिपतानाच होते, हे यावरून लक्षात येईल.

कोणत्या मापाला किती जागा लागते, याचा ढोबळ हिशेब पुढे दिला आहे. हे आकडे मोबाईलमध्ये नेहमीच्या एच.२६४ पद्धतीने टिपलेल्या एक मिनिटाच्या चित्रफितीचे आहेत.

४के (३८४० × २१६०) : सुमारे ३५० एमबी
१०८०पी (१९२० × १०८०) : सुमारे १३० एमबी
७२०पी (१२८० × ७२०) : सुमारे ६० एमबी

माझी चित्रफीत ४के मापाची होती. नव्या एच.२६५ पद्धतीत जागा साधारण निम्मी लागते, तरीही बावीस मिनिटांची ती फाईल ३.७ जीबीच्या घरात गेली. आणखी थोडी लांबली असती, तर ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्डांत ती बसलीच नसती. कारण ही कार्डे सहसा फॅट-३२ या पद्धतीने आखलेली असतात आणि त्या आखणीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल ठेवता येत नाही, मग कार्ड कितीही रिकामे असो.

पोते आणि धान्य

चित्रफीत उघडत नाही म्हणून काही जण फाईलच्या नावाचे शेपूट बदलतात. एमकेव्ही असेल तर एमपी४ असे लिहितात. हे पोत्यावरचे नाव पुसून दुसरे लिहिण्यासारखे आहे. पोत्यावर गहू लिहिले म्हणून आतल्या ज्वारीचा गहू होत नाही.

एमपी४, एमकेव्ही, ३जीपी ही पोत्यांची नावे आहेत. आत भरलेले धान्य म्हणजे चित्र आवळण्याची पद्धत. एच.२६४ ही पद्धत २००३ साली आली आणि आज जुन्यानव्या बहुतेक सर्व स्मार्टफोनवर चालते. एच.२६५ ही २०१३ साली आली. ती जागा कमी घेते, पण उलगडायला मोबाईलच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात. जुन्या किंवा स्वस्त मोबाईलला ते झेपत नाही. आवाज वेगळा साठवलेला असतो, म्हणून तो येत राहतो आणि चित्र अडते. त्या भगिनीच्या मोबाईलचे नेमके हेच झाले होते.

तेव्हा दहा जणांना द्यायची चित्रफीत एमपी४ पोत्यात, एच.२६४ पद्धतीने आणि आवाज एएसी पद्धतीने भरून द्यावी. जागा थोडी जास्त लागली तरी चालेल. समोरच्याला ती दिसली पाहिजे.

टिपतानाच घ्यावयाची काळजी

१. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन माप १०८०पी किंवा ७२०पी आणि वेग सेकंदाला ३० चित्रे असा ठेवावा. शेतीकामासाठी ४के किंवा ६० चित्रांची गरज नाही.

२. मोबाईल तिवईवर, खुंटीला बांधून किंवा निदान पोत्यांच्या थप्पीला टेकवून स्थिर ठेवावा. झूम न करता जवळ जावे.

३. पार्श्वभूमी साधी असावी. गोठ्याची भिंत किंवा ताणून बांधलेले कापड चालते.

४. पंप, ट्रॅक्टर किंवा वारा यांच्या आवाजापासून दूर उभे राहावे. चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस पाहतो, पण शब्द कळले नाहीत तर तो चित्रफीत बंद करतो.

५. औषधाचे नाव आणि प्रमाण नुसते डब्यावर दाखवू नये, तोंडाने स्पष्ट सांगावे. चित्र लहान केले की बारीक अक्षर वाचता येत नाही. फळ्यावर एका वेळी तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नसावा.

६. एका चित्रफितीत एकच काम दाखवावे. तीन मिनिटांचे पाच भाग हे पंधरा मिनिटांच्या एका भागापेक्षा जास्त पाहिले जातात आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

संगणकावर चित्रफीत लहान करणे

यासाठी हँडब्रेक नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालतो. घरात संगणक नसेल तर शाळेच्या संगणक कक्षात किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे काम करून घेता येईल. कृती पुढीलप्रमाणे करावी.

पहिली पायरी : मूळ फाईल मोबाईलमधून वायरने संगणकावर घ्यावी. मोबाईलमधील मूळ फाईल इतक्यात पुसू नये.

दुसरी पायरी : हँडब्रेकमध्ये ओपन सोर्स हे बटण दाबून ती फाईल निवडावी.

तिसरी पायरी : प्रीसेटच्या यादीतून फास्ट ४८०पी३० निवडावे. ४८०पी मध्ये ८५४ × ४८०, म्हणजे सुमारे ४ लाख १० हजार ठिपके असतात. १०८०पीच्या तुलनेत हे पाचव्या हिश्श्याएवढे झाले. हातातल्या लहान पडद्यावर तेवढे पुरते. फवारणीच्या नोझलची जोडणी किंवा डोळा भरण्याची रीत असे बारीक काम असेल, तर फास्ट ७२०पी३० घ्यावे.

चौथी पायरी : फॉरमॅट एमपी४ आणि एन्कोडर एच.२६४ असल्याची खात्री करावी. वेब ऑप्टिमाइज्ड या चौकटीत खूण करावी. त्यामुळे फाईलची अनुक्रमणिका सुरुवातीलाच बसते आणि मंद जाळ्यावर पूर्ण उतरण्याआधीच चित्रफीत सुरू होऊ शकते.

पाचवी पायरी : व्हिडिओ या पानावर गुणवत्तेचा आरएफ नावाचा आकडा असतो. येथे अनेकांची फसगत होते. हा आकडा जितका मोठा, तितकी फाईल लहान आणि चित्र हलके. २२ पासून सुरुवात करावी. फाईल मोठी वाटली तर २४ आणि गरज पडल्यास २६ करावा. त्यापुढे पानांवरचे ठिपके पुसट होऊ लागतात.

सहावी पायरी : आवाजाच्या पानावर मोनो आणि ६४ असे निवडावे. माणसाच्या बोलण्याला एवढे पुरेसे आहे. १६० वरून ६४ वर आल्याने पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत जवळजवळ ११ एमबी वाचतात.

सातवी पायरी : आपण नवे वाण थेट पाच एकरांवर घेत नाही, आधी एक वाफा करून पाहतो. तसेच येथेही रेंजमध्ये सेकंद निवडून मधलाच एक मिनिटाचा तुकडा करून पाहावा. तो पसंत पडला, की स्टार्ट एन्कोड दाबून पूर्ण चित्रफीत करावी.

ठरावीक जागेत बसवायची असेल तर

कधी कधी जागा ठरलेली असते. समजा, बारा मिनिटांची चित्रफीत ६० एमबीत बसवायची आहे. तिचा हिशेब तोंडी करता येतो. ६० ला ८ ने गुणावे, ४८० येतात. बारा मिनिटांचे ७२० सेकंद होतात. ४८० ला ७२० ने भागले, की ०.६६७ म्हणजेच ६६७ किलोबिट प्रतिसेकंद येतात. त्यातले ६४ आवाजाला द्यावे. उरतात सुमारे ६००. आरएफऐवजी सरासरी बिटरेट हा पर्याय निवडून तेथे ६०० हा आकडा घालावा. फाईल ६० एमबीच्या आसपास येते. एवढ्या थोड्या बिटरेटला ३६०पी हे माप घ्यावे. कमी धान्य मोठ्या शेतात विखरून पेरण्यापेक्षा लहान वाफ्यात नीट पेरावे, तसेच हे आहे. थोड्या बिटरेटवर मोठे चित्र ठेवले, तर त्यात चौकोनी डाग दिसू लागतात.

संगणक नसेल तर

मोबाईलच्या गॅलरीत चित्रफीत उघडून एडिट केल्यास कापण्याची सोय असते. पुढचा आणि मागचा निरुपयोगी भाग कापला, तरी फाईल बरीच उतरते. माप कमी करणारे अ‍ॅपही मिळतात. मात्र जे अ‍ॅप संपर्कयादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागते, ते घेऊ नये. चित्रफीत लहान करायला तुमच्या नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात?

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफीत पाठवली, की ते स्वतःच ती आवळते. बोलण्याच्या चित्रफितीला हे चालते. परंतु मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली चित्रफीत पुन्हा नव्याने जोडून पाठवली, तर ती पुन्हा आवळली जाते आणि चार हातांतून फिरल्यावर ओळखू येत नाही. मूळ दर्जा टिकवायचा असेल, तर डॉक्युमेंट या पर्यायातून फाईल पाठवावी. २०२२ पासून तेथे २ जीबीपर्यंतची फाईल जाते.

साध्या बटणांच्या मोबाईलवर, जेथे चित्र चालते तेथे, ३२० × २४० एवढे लहान माप आणि सेकंदाला १५ चित्रे ठेवून पाहावे. तेही चालले नाही, तर नुसता आवाज काढून द्यावा. ३२ किलोबिटच्या हिशेबाने पंधरा मिनिटांचे बोलणे ४ एमबीपेक्षा कमी जागेत बसते. रेडिओवरची शेतीची भाषणे ऐकून आपल्या वाडवडिलांनी शेती सुधारली आहे, हे विसरू नये.

रोग ओळखण्यासाठी पाठवताना वेगळा नियम

येथपर्यंत लहान करण्याचे सांगितले. आता कोठे लहान करू नये, तेही सांगतो. डाळिंबावर तेल्या आहे की दुसरा कोणता ठिपका, हे चित्र पाहून सांगायचे असेल, तर ठिपक्याची कड आणि त्याभोवतीचे वलय स्पष्ट दिसावे लागते. चित्रफीत आवळली की पहिल्यांदा हीच बारीक खूण जाते. मग सल्ला देणाराही अंदाजाने बोलतो आणि नको ते औषध फवारले जाते.

अशा वेळी संपूर्ण बागेची आठ मिनिटांची चित्रफीत पाठवू नये. पुढीलप्रमाणे करावे. रोगट पान किंवा फळ जवळून, सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून तीन-चार स्पष्ट फोटो काढावेत. पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्यात. झाड आणि ओळ दिसेल अशी दहा सेकंदांची एकच चित्रफीत घ्यावी. १०८०पीमध्येही ती २२ एमबीच्या आसपास राहते. हे सर्व डॉक्युमेंट म्हणून पाठवावे आणि सोबत बहाराची अवस्था, शेवटची फवारणी आणि पाणी देण्याची पद्धत लिहावी. अर्ध्या मिनिटाच्या या मजकुराने आठ मिनिटांच्या चित्रफितीपेक्षा जास्त कळते.

मूळ फाईल जपावी

उसाच्या रसाचा गूळ करता येतो, पण गुळाचा पुन्हा ऊस करता येत नाही. चित्रफितीचेही तसेच आहे. एकदा लहान केलेली चित्रफीत मोठी केली, तरी गेलेले तपशील परत येत नाहीत. म्हणून मूळ फाईल बियाण्यासारखी दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि वाटायची प्रत नेहमी मुळावरूनच करावी. फाईलला "सोयाबीन-बीजप्रक्रिया-भाग-१" असे समजेल ते नाव द्यावे.

वाटण्याआधी ती प्रत तुमच्याजवळच्या सर्वांत साध्या मोबाईलवर लावून पाहावी. सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. ओठ आणि आवाज जुळतात का, सांगितलेले प्रमाण स्पष्ट ऐकू येते का आणि उन्हात पडदा दिसतो का, हे तपासावे. एवढी पाच मिनिटे मी २०२३ साली घालवली असती, तर आज हे भाषण करण्याची वेळ आली नसती.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, त्याच गावी आम्ही तीच चित्रफीत नव्याने नेली. बावीस मिनिटांतील अनावश्यक भाग कापून तीन-तीन मिनिटांचे पाच भाग केले. ४८०पी, एच.२६४, आवाज मोनो. एकेक भाग १७ एमबीच्या आसपास आणि सर्व मिळून सुमारे ८६ एमबी. आधीच्या ३.७ जीबीच्या तुलनेत हे काहीच नाही. पेरणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. तीच भगिनी बांधावर बसली होती. तडा गेलेल्या काचेचा मोबाईल पाटीला टेकवून तिने भाग तिसरा लावला होता. बुरशीनाशक लावलेले बियाणे ताडपत्रीवर सुकत होते आणि जिवाणू संवर्धकाचे पाकीट अजून न फोडता बाजूला ठेवले होते. मला पाहून ती म्हणाली, "थांबा साहेब, आधी हे सुकू द्या."

बंधू-भगिनींनो, आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्याच्या हातात पोहोचले आणि त्याच्या मोबाईलवर उघडले, तरच ते कामाला येते. तेव्हा तुमच्या शेतात जे चांगले साधले असेल, ते जरूर टिपा, पण वाटताना समोरच्याच्या मोबाईलचे माप आधी विचारा.